बिल दाखवा, मग तक्रार

"वही आण," कुशाबाईनं काउंटरवर मूठ आपटली. "तक्रार लिवायचीय."

"आधी बिल दाखवा, मावशी. बिलाचा नंबर टाकल्याशिवाय तक्रार धरली जात नाही." मॅनेजर राजवर्धन गोड हसला. त्या हसण्यानंच तिचं टाळकं सरकलं.

बारामतीहून इंदापूरला जाताना शेळगाव फाट्यावर तिच्या बचत गटाची टपरी होती. सतरा वर्षं बारा बायका पाळी लावून पहाटे चूल पेटवायच्या. मग सरकार आणि कंपनीची भागीदारी झाली. भागीदारी दोघांची, टपरी मात्र गेली तिसऱ्याची. तिथं काचेचं प्रवासी सेवा केंद्र उभं राहिलं.

"सेवा द्यायची तर स्पर्धेत टिकलं पाहिजे, बाई," तालुक्याचे साहेब म्हणाले होते. स्पर्धा म्हणे! आधी एकाचे पाय बांधायचे आणि मग म्हणायचं, पळ. ती फारच खनपटीला बसल्यावर साहेबांनी एक वाट दाखवली होती. मार्चअखेर कराराचा फेरविचार आहे, लोकांच्या तक्रारी असतील तर घेऊन या.

कुशाबाईनं आत नजर फिरवली. निम्मे दिवे बंद. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. एक फ्रीज रिकामा, दुसरा प्लॅस्टिकात गुंडाळून दाराशी ठेवलेला.

"बघ फुले, निगा सुदीक राखत न्हाईत मुडदे," ती गटातल्या फुलाबाईला म्हणाली.

तिनं वीस रुपयांचा चहा घेतला, बिल घेतलं, चहा नालीत ओतला आणि वहीत लिहिलं, 'हा चहा नसून गरम पाणी आहे.'

त्याच दिवशी मारुतीच्या पारावर ठरलं. रोज घरटी एक माणूस. चहा घ्यायचा, ओतायचा, लिहायचं.

"घोटबी घशाखाली उतरवायचा न्हाय," कुशाबाईनं बजावलं. "सतरा वर्सं राबलोय आमी त्या जागंवर. ती परत घेतल्याबिगर मी गप बसायची न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. तिचा दीर दत्तोबा ट्रॅक्टर घेऊन शेजारच्या वरकुट्याची माणसंही आणायला लागला. कुणी लिहिलं साखर कमी, कुणी लिहिलं साखर जास्त. फुलाबाईनं मात्र चोरून एक घोट घेतलाच.

"बरा हाय की गं. आलं टाकलंय."

"ओत!" कुशाबाई कडाडली.

दहाव्या दिवशी सगळे दिवे लागले. फ्रीज पुन्हा आत गेला. खुर्च्या मांडल्या गेल्या, दोन नवे वेटर आले. राजवर्धन तर दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडायला लागला.

"टरकलंय बेणं," दत्तोबा म्हणाला.

"टरकू दे. आता नटून काय व्हतंय?" कुशाबाईला फार दिवसांनी बरं वाटलं. गटातल्या बायकांनी भांडी घासून ठेवायलासुद्धा घेतली.

मार्चअखेर तक्रारींच्या झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून ती इंदापुरात साहेबांसमोर बसली. साहेबांनी चार पानं चाळली.

"दखल घेऊ. चहा सुधारायला सांगतो कंपनीला."

"चहा गेला खड्ड्यात! जागा कवा देताय?"

"करार वाढलाय, कुशाबाई. दहा वर्षांनी."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "एवढ्या मानसांनी शिव्या लिवल्या, त्या वाचायला डोळं न्हाईत व्हय तुमास्नी? कंपनीनं काय चारलं तुमाला?"

साहेब चिडले नाहीत. त्यांनी फाइलमधून एक टाइप केलेला कागद काढून तिच्यापुढं सरकवला. खाली सहीची जागा कोरी होती. वर तिच्या गटाचं नाव होतं.

"गिऱ्हाईकच नाही म्हणून कंपनीनं मागच्या महिन्यात केंद्र सोडायचं पत्र दिलं होतं. सामानही बांधलं होतं त्यांनी. जागा तुमच्या गटाला द्यायचा हा आदेश."

"मग सही का न्हाय केली?"

"करणारच होतो. तेवढ्यात तुमचं अख्खं गाव तिथं चहाला जायला लागलं."