हवा असेपर्यंत

नवरा वाचला. पण हे तुम्हाला कोणी सांगितलेलंच नाही असं धरून चाला, कारण त्यालाही ते अजून कोणी सांगितलं नव्हतं.

तो कठड्याखाली अडकला होता. छातीपासून वरचा रस्त्यावर, उरलेला दरीवर. डोंगरातल्या वळणावर खडी पडलेली होती. त्याची मोटरसायकल आडवी झाली, घसरत गेली आणि कठडा तुटला होता तिथून खाली गेली. जाता जाता तिने त्याच्या एअरबॅगच्या जॅकेटची गाडीला बांधलेली दोरी खेचली, तेवढा तिचा शेवटचा उपकार. जॅकेट फटकन फुगलं आणि तो कठड्याच्या शेजारच्या पत्र्याखाली बाटलीच्या बुचासारखा घट्ट बसला.

बायको मागून तिच्या मोटरसायकलवर येत होती. नेहमी मागूनच. तिने गाडी थांबवली, आपल्या जॅकेटची दोरी गाडीपासून सोडवली आणि मग ती धावली. तेवढ्या घाईतही दोरी सोडवायला ती विसरली नाही. तो विसरायचा. मागच्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर, हे जॅकेट माणसाचा जीव कसा वाचवतं ते चाकात हवा भरणाऱ्याला समजावता समजावता तो तसाच खाली उतरला होता. जॅकेट फुगलं. हवा भरणारा दोन पावलं मागे सरकला. आणि जॅकेट फुगवणारं, मुठीत मावेल एवढं गॅसचं जादा सिलिंडर त्या दिवशीच खर्ची पडलं.

तिने त्याच्या काखेत हात घालून ओढलं. तो हलला नाही. पुन्हा ओढलं. तिचेच बूट घसरले.

"असं नाही," तो म्हणाला. "आधी डावा खांदा वर घे, मग मी..."

फुस्स.

आवाज जॅकेटमधून आला होता. तो बोटभर खाली गेला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांना एकच प्रश्न पडला होता, आणि तिने तो दुकानात विचारलाही होता. "काका, एकदा फुगलं की हवा किती वेळ टिकते?" दुकानदाराने उत्तर द्यायला तोंड उघडलंही होतं. पण नवरा विमा एजंट. दुसऱ्याचं तोंड उघडं दिसलं की तो त्यात आपलं वाक्य घालायचा. दोरीचं घ्यावं की बॅटरीचं, फुगल्यावर छाती आवळू नये म्हणून आत किती मोकळं असावं, मान, मणका, मूत्रपिंड, सगळं त्यानेच दुकानदाराला सांगितलं. दुकानदाराने शेवटी त्याला पाणी आणून दिलं. बायकोचं जॅकेटही त्यानेच निवडलं. उत्तर तेवढं राहून गेलं.

"ऐक ना," तो म्हणाला. "मला काही झालं तर पॉलिसीचे कागद कपाटात वरच्या..."

फुस्स. आणखी बोटभर.

"बोलू नकोस!" ती ओरडली. "बोललास की छाती बसते, छाती बसली की तू खाली जातोस. मोठा श्वास घे आणि गप्प राहा. जन्मात एकदा!"

त्याने श्वास घेतला. गालही फुगवले, त्यांचा काही उपयोग नव्हता.

ती त्याच्या शेजारी पालथी पडली. आपल्या जॅकेटचं भरलेलं सिलिंडर फिरवून काढलं आणि दातांत धरलं. मग त्याच्या बगलेजवळचं रिकामं सिलिंडर फिरवू लागली. आट्यात माती गेली होती. खाली कुठेतरी त्याची मोटरसायकल अजून आपटत होती, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखी.

त्याला बरंच काही बोलायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं. तू मला फार आवडतेस म्हणायचं होतं. तू उलटं फिरवते आहेस, हेही म्हणायचं होतं. ती सुलटंच फिरवत होती. त्याने तिन्ही वाक्यं गिळली. तिसरं सगळ्यात जड गेलं.

रिकामं निघालं. भरलेलं बसेना. हवा जातच होती. त्याची हनुवटी डांबराला टेकली. हातांना धरायला काही नव्हतं, म्हणून त्याने तिच्या बुटाची नाडी धरली. ती सुटली.

सिलिंडर बसलं. तिने आपली दोरी त्याच्या जॅकेटला लावली आणि हिसडली.

फट्!

तो पुन्हा घट्ट बसला. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिने वर चढत येणाऱ्या ट्रकला दोन्ही हात दाखवले. ड्रायव्हर उतरला.

"ताई, हे काय आहे?"

"नवरा आहे."

"ते कळलं. अंगावर काय आहे?"

मग त्याने माल बांधायचा दोर आणला. काखेखालून घेतला, दुसरं टोक ट्रकला बांधलं आणि ट्रक हळूच पुढे घेतला. नवरा बाहेर आला. पँट बरीचशी तिथेच राहिली.

"साहेब काही बोलत नाहीत," ड्रायव्हर काळजीने म्हणाला. "डोक्याला लागलंय का?"

"नाही," बायको म्हणाली. "थोडा वेळ राहू द्या असंच."

ट्रक गेल्यावर ती त्याच्याशेजारी कडेच्या दगडावर बसली. "बोल आता," ती म्हणाली. "मघाशी काय म्हणायचं होतं?"

त्याने श्वास घेतला. तोंड उघडलं. मिटलं.

"तू आधी."

ती गोंधळली. असा प्रसंग आजवर आला नव्हता, त्यामुळे तयारी नव्हती. मग तिने जॅकेटपासून सुरुवात केली. तिला दुसरं हवं होतं. मग सोफा. तोही दुसरा हवा होता. मग घर. ती आता नवऱ्यापर्यंत येते की काय, या भीतीने तो दगड घट्ट धरून बसला, पण मध्ये बोलला नाही. ती आली तिथपर्यंत. थांबली. त्याच्या खरचटलेल्या हनुवटीवरची खडी बोटाने काढली आणि पुढच्या विषयाकडे वळली.

तरी, ज्या नवऱ्यांना दरीच्या काठापर्यंत नेणं गैरसोयीचं आहे, त्यांच्यासाठी सदर जॅकेट घरगुती वापराकरिता, बसल्या जागी फुगण्याच्या सोयीसह, तातडीने उपलब्ध करून द्यावं, अशी संबंधित खात्यास नम्र विनंती आहे.