कोरडं कपाळ

बहात्तरच्या दुष्काळात केरबा आणि पंचफुला हे नवरा-बायको मुदखेडच्या रस्त्यावर खडी फोडत होते. मुकादम अण्णाराव छत्री धरून मजुरांची कपाळं बघत फिरायचा. केरबाचं कोरडं कपाळ बघून तो पचकन थुंकला, "घाम न्हाई म्हंजे काम न्हाई. हरामखोर!"

"सकाळपून पाण्याचा थेंब न्हाई पोटात. घाम यील कुठून?" पंचफुला बोलेपर्यंत केरबा कोसळला. अंगाला हात लावला तर चटका बसत होता.

तिनं मुकादमाचाच पाण्याचा माठ उचलून केरबावर ओतला. बऱ्याच वेळानं केरबानं डोळे उघडले.

अण्णारावानं सुस्कारा सोडून तोंड पुसलं. "मला तर घामच फुटला, बाई!"



पंचफुला म्हणाली, "त्याला घाम म्हणू नका, मुकादम. घामाची बेइज्जती व्हते."