वाळूखालचा खड्डा

मंगळावरच्या गाड्यांची चाकं अकरा वर्षं घडवली अनुशनं, आणि कौतुक सहकारी ड्वेनच्या चारपायी यंत्राचं! पुढच्या मोहिमेवर चाकं जाणार की पाय, आज ठरणार होतं. तिची गाडी प्रयोगशाळेच्या अंगणातली वाळूची टेकडी बिनचूक चढली. रिवाजाप्रमाणे तिनंच दाताळं घेऊन ड्वेनसाठी चाकांच्या खुणा पुसायच्या होत्या. सगळे बरिटो खायला गेल्यावर तिनं चढणीवर खड्डा खणून भुसभुशीत वाळूनं झाकला. यंत्र ऐटीत निघालं, खड्ड्यात पाय रुतून धाडकन आपटलं. अनुशला गुदगुल्या झाल्या. पण यंत्र धडपडत उठून माथ्यावर पोचलं. “चालतं ते माहीत होतं,” निवड करणारी साहेबीण म्हणाली, “पडून उठतं हे आज कळलं. पायच पाठवू!” ड्वेन कानाशी लागला, “खड्डा खणताना बघितलं तुला.” तिनं दाताळं पाठीमागे लपवलं. “अडवलं का नाहीस?” “अगं, वर्षभर विनवतोय, कुणी खड्डाच खणून देईना!”