कोपर आणि टाळी

मांडीवरचा काळा पट्टा झिजून पार पांढुरका झाला होता. आज तो शिष्याच्या कमरेला बांधायचा आणि कराटेचा वर्ग कायमचा त्याच्या हवाली करायचा, असं सुमतीबाईंनी ठरवलं होतं. त्याआधी त्याने तयार केलेल्या मुलांचा काता, म्हणजे हवेतल्या शत्रूशी लढायचा तो ठरलेला क्रम, पाहायला त्या बसल्या होत्या.

कोपराच्या फटक्याची जागा आली. सगळ्या मुलांनी उजवं कोपर डाव्या तळव्यावर फाट्‌कन आपटलं. हॉल दणाणला. पालक खूश झाले.

"आवाज ऐकलात ना, बाई?" शिष्याची छाती फुगली होती.

"ऐकला. टाळ्याच कुटायच्या होत्या, तर भजनी मंडळ काय वाईट होतं रे?"

बाईंना त्यांचे गुरुजी आठवले. हाच फटका शिकवताना त्यांनी बाईंच्या तळव्यात स्वतःचं डोकं दिलं होतं. 'हा हात रिकामा नाही, पोरी. यात शत्रूची मान आहे. आधी धर, ओढ, मगच कोपर घाल.'

बाई उठल्या. शिष्याचा डावा हात ओढून त्यांनी आपल्या अंबाड्याखाली मानेवर ठेवला. "धर घट्ट. आता कोपर कुठे लागेल, दाखव."

तो गोंधळून हसला. "पण बाई, असं धरलं तर टाळी कशी वाजणार?"

बाईंनी त्याचा हात पाल झटकावी तसा झटकला आणि तो झिजलेला पट्टा आपल्याच साडीवर करकचून बांधला.

"उद्या सकाळी सहाला ये," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशीचा पांढरा पट्टा बांधून."