सोडलेल्या शेंगा

"कोपरापर्यंत धुवा, मामा," अनुजा म्हणाली.

आकाराम पुन्हा नळाखाली वाकले. त्यांची बायको तानाबाई साबणाची वडी हातात धरून आपली पाळी येण्याची वाट बघत होती. नेसरीहून सकाळची एसटी धरून दोघं नातवाला बघायला कोल्हापूरला आली होती. सुनेच्या घरात शिरायची रीत त्यांना आता पाठ होती. आधी हात, मग तोंड, मग पिशवी उघडून दाखवायची.

"एसटीत कुणी शेंगा खात नव्हतं न्हवं?"

"मागं एक पावणं सोलत बसलं हुतं," आकाराम म्हणाले. "आमी दोघं निपाणीपासनं फुडं जाऊन हुबंच ऱ्हायलो की."

सत्तरीची माणसं, चाळीस किलोमीटर उभ्यानं आली होती. अनुजानं टॉवेल दिला.

आतल्या दारावर डॉक्टरांचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवला होता. शेंगदाणे पूर्ण वर्ज्य, एक दाणाही जिवावर बेतू शकतो. कागदाचे कोपरे पिवळे पडले होते. इंजेक्शनचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात होता. त्याची गरज पुन्हा पडलीच नव्हती, इतकं ती पोराला जपते, असं सगळे म्हणत.

तीन वर्षांपूर्वी नेसरीच्या खळ्यावर आजोबांनीच भाजलेल्या शेंगा सोलून कौतुकानं राजवीरच्या तोंडात घातल्या होत्या. पाच मिनिटांत पोराचे ओठ सुजले, श्वास अडकला. त्याच्या बापानं, आदर्शनं, जीप पळवत गडहिंग्लजला नेलं म्हणून तो वाचला. पुढच्याच वर्षी आदर्श शिरोली एमआयडीसीतून घरी येताना हायवेवरच्या अपघातात गेला. आता अनुजा शिरोलीतच एका फौंड्रीच्या ऑफिसात कामाला होती. राजवीर पहिलीत होता.

"राजवीर, आधी औषध," तिनं हाक मारली.

पोरगं स्वयंपाकघरात पळालं. चमचा वाजला. "चूळ भर," असं अनुजाचं बोलणं ऐकू आलं. मग तो ओल्या तोंडानं बाहेर येऊन आजीच्या मांडीत बसला.

"कडू आसंल की रं माझ्या राजा?"

"न्हाय, गोड हाय. रोज घेतो मी. तुला देऊ?"

"मोठ्यांनी घ्यायचं नसतं ते," अनुजा आतून म्हणाली.

जेवणं झाली. आकारामांनी हात पुसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ज्यासाठी आले होते ते बोलून टाकलं.

"जूनपासनं ह्याला नेसरीला धाड. तू दिवसभर कामावर, पोरगं शेजारणीच्या दारात. तितं आमी दोघं हाय. शाळा घरामागंच हाय. तू दर आयतवारी ये."

अनुजाचे हात ताटावर थांबले. राजवीर नेसरीला गेला तर या दोन खोल्यांत तिच्यापाशी काहीच उरणार नव्हतं. आदर्श गेल्यापासून ती सकाळी उठत होती ती याचा डबा भरायचा म्हणून.

"तिथं शेंगा हायत, मामा."

"औंदा एक शेंग लावली न्हाय. सगळ्या रानात ऊस केला. खळं मोडलं. घरात सूर्यफुलाचं त्याल आणतोय. खलबत्तासुदीक दिऊन टाकला."

हे तिला ठाऊक नव्हतं. नेसरीचं ते खळं आदर्शच्या आज्यानं केलेलं होतं.

"आणि हिनं तर," आकारामांनी बायकोकडं बोट केलं, "शेंगा सोडल्यात. चटणीबिगर भाकरी घशाखाली उतरत नव्हती हिच्या."

"ऱ्हाऊ दे की ते," तानाबाई लाजली. "आंबाबाईला बोललोय मी. पोरगं बरं झाल्याबिगर दाणा तोंडात घालणार न्हाय. तीन वर्सं झाली. सपनात येत्यात शेंगा."

तानाबाई हसली. अनुजाला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. हल्ली तिला काही येतच नसे.

"तुम्ही खावा की, आत्या. तुम्ही सोडून काय हुतंय?"

"न्हाय बाई. देवाला दिलेला सबूद हाय."

"डॉक्टर काय म्हणत्यात?" आकारामांनी विचारलं.

"जपा म्हणत्यात." ती ताटं गोळा करू लागली. "तुम्ही बंद केल्या, पण गावानं कुठं केल्यात? सुगीत घराघरापुढं शेंगा वाळत पडत्यात. परत तसं झालं तर जीप कोण पळवणार?"

आकारामांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. खळ्यावरचा तो दिवस त्यांच्या डोळ्यांपुढं आला असावा. त्यांचे डोळे भरले.

"बरोबर हाय तुजं," ते म्हणाले. "माज्याच हातानं झालंय ते. ऱ्हाऊ दे हितंच. परत इचारणार न्हाय."

चारच्या गाडीला दोघं निघाली. तानाबाईनं पोराच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

अनुजानं दाराला कडी लावली, खिडक्या ओढून घेतल्या आणि कपाटातल्या साड्यांखालून एक पुडी काढली. पुडीत शेंगदाणे होते. ते तिनं मंद आचेवर खरपूस भाजले, सालं पाखडली, गूळ घालून मिक्सरमधून काढले आणि औषधाच्या रिकाम्या होत आलेल्या बाटलीत गच्च भरले.

"आई, उद्याचं औषध झालं?" राजवीरनं बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"झालं," ती म्हणाली, आणि तिनं बाटली पुन्हा फळीवर ठेवली, डॉक्टरांच्या दुसऱ्या, दीड वर्षापूर्वीच्या कागदावर: मुलाची ॲलर्जी पूर्ण गेली आहे, परत उलटू नये म्हणून रोज चमचाभर दाण्याचा कूट देत जावा.