हिरॉईनची भूक

गावात सिनेमाच्या शूटिंगला आलेल्या, नटांचे कपडे बघणाऱ्या मुलीने मला नवीकोरी साडी देऊन माझी ठिगळांची जुनी मागून घेतली. मला वाटलं, मीच जिंकले.

मग तीच जुनी साडी नेसून हिरॉईन माझ्या घरात, माझ्या चुलीपुढे बसली. गोऱ्या गालांना काजळी फासलेली. सिनेमातल्या नवऱ्याला शेवटची भाकरी वाढून ती हळूच म्हणाली, "माझं झालंय मघाशीच," आणि तांब्याभर पाणी प्यायली.

गर्दीत माझा नवरा टॉवेलने डोळे पुसत होता! स्वतःच्या आईच्या मयताला न रडलेला माणूस. "कशी उपाशी राहते गं बिचारी," मला म्हणाला. माझा नुसता जळफळाट झाला. इतकी वर्षं मी हेच म्हणतेय, तेव्हा कुठं जातात याचे डोळे?

संध्याकाळी त्याला वाढून टोपलीत एकच भाकरी उरली. मी नवी साडी सारखी केली, तिच्यासारखीच मान कलती केली आणि तिच्याहून हळू म्हणाले, "माझं झालंय मघाशीच."

तो खायचा थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मी तिच्यासारखाच तांब्या उचलला.

"मग ती राहिलेलीपण वाढ की," म्हणत त्याने ताट पुढे केलं.