सेरिझावाआजोबांची कवळी

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरका. आज एका शर्यतीची गोष्ट सांगतो, पण तिच्यात पायांपेक्षा कानांचं काम जास्त.

जपानच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका बंदरगावात शाळकरी मुलांच्या मैदानी स्पर्धा चालल्या होत्या. शाळेचे खेळाचे कुरामोची सर कुंपणाला टेकून पंचांच्या मंडपाकडे बघत होते. मंडपात सगळी पिकली पानं. कुणी निवृत्त टपालवाला, कुणी मासळीवाली. पांढऱ्या टोप्या, निळे कोट, दंडाला फिती आणि एकमेकांना वाकून वाकून नमस्कार.

"वरचं बोलावणं येईपर्यंत कुठंतरी बसायचं, म्हणून इथं बसलेत," सर म्हणाले.

शेजारी उभी असलेली त्यांची धावपटू चिनात्सु हसली नाही. शंभर मीटरला शाळेत तिच्या तोडीचं कुणी नव्हतं, पण सुटताना ती मागे राही. शाळेचं हे शेवटचं वर्ष. आज पहिली आली तरच प्रांताच्या स्पर्धेला जाणार होती.

सरांनी त्यावर तोड काढली होती. शर्यत सोडणारे सेरिझावाआजोबा "तयार" म्हणत, पिस्तूल वर धरत आणि बार उडायच्या आधी त्यांच्या तोंडातून 'टक्' असा बारीक आवाज येई. सरांनी तो गेल्याच वर्षी हेरला होता. देव अशांचे कान लांब करतो नि नजर तोकडी ठेवतो.

"म्हाताऱ्याची कवळी सैल आहे. टक् झालं की निघायचं. बार मागून येतोच."

"पण सर, बाराआधी निघालं की बाद करतात. दुसरी संधी नाही."

"मध्ये पापणीसुद्धा लवत नाही. आणि या आंधळ्यांना दिसणार काय?"

सकाळच्या फेरीत टक् झालं, चिनात्सु सुटली आणि पाठोपाठ बार झाला. ती सहज पहिली आली. आजोबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग पिस्तूल पुसत बसले.

दुपारी ते मंडपात सुकवलेला, चामड्यासारखा चिवट माकूळ मासा चघळत होते.

"बघ, एका तुकड्यावर दिवस काढेल," सर म्हणाले.

तेवढ्यात आरोग्य केंद्रातल्या बाई आजोबांपाशी आल्या. "आजोबा, ऐंशी पूर्ण झाली ना? नोव्हेंबरात सत्कार आहे. नक्की यायचं हं."

"येतो की. ठेवणीतला कोट घालून येतो."

"जगत राहिल्याचं बक्षीस," सर पुटपुटले.

अंतिम शर्यतीआधी चिनात्सु म्हणाली, "सर, मी बारच ऐकते."

"मग पुढच्या महिन्यात घरी बसून प्रांताचे निकाल ऐक."

तिनं मैदानाला वाकून नमस्कार केला आणि रेषेवर गेली.

"जागा घ्या," आजोबा म्हणाले. मग, "तयार."

मैदान चिडीचूप झालं.

टक्.

चिनात्सु सुटली. बार झालाच नाही. समुद्रावरचा वारा तेवढा वाहत होता. मग एकापाठोपाठ दोन बार झाले, परत बोलावण्याचे. मासळीवाल्या आजी हळूहळू चालत आल्या आणि तिच्यापुढं लाल पाटी धरली.

सर तरातरा मंडपात आले. "पोरीची काही चूक नाही. तुमची कवळी वाजली म्हणून ती निघाली. शर्यत पुन्हा घ्या."

मंडपातले चहाचे पेले जिथल्या तिथे राहिले.

"म्हणजे पोर कवळी ऐकून पळत होती?" आजोबांनी सावकाश विचारलं. "तिला हे शिकवलं कुणी, सर?"

सरांचे कान लाल झाले. चिनात्सु पुढे आली आणि आजोबांपुढे खोल वाकली. सरांकडे तिनं पाहिलं नाही.

"माझंच चुकलं, आजोबा."

"पुढच्या वर्षी थोरल्या शाळेकडून पळायला ये, बाळ. मी असेनच."

"असेनच म्हणे," सर जाता जाता म्हणाले. "तोंडातले दात जागेवर राहत नाहीत, आणि हे राहणार."

शर्यत कोण जिंकलं ते विसरा. कुरामोची सरांनाही विसरा. आठवण ठेवायची तर सेरिझावाआजोबांची ठेवा. नोव्हेंबरात गावानं त्यांचा सत्कार केला तो एवढ्यासाठी, की ऐंशीव्या वर्षीही त्यांच्या तोंडातला एकूण एक दात त्यांचा स्वतःचा होता.